समोरचं शिखर

क्लाइने शायडेगचा फलाट

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात, २०६१ मीटर उंचीच्या एका खिंडीत, क्लाइने शायडेग नावाचं स्टेशन आहे. सप्टेंबरातल्या स्वच्छ सकाळी इथला फलाट गजबजलेला असतो. एक गाडी ग्रिंडेलवाल्डकडून चढून येते, दुसरी लाउटरब्रुनेनच्या दरीतून. उतरलेली माणसं घाईने फलाट बदलतात आणि तिसऱ्या गाडीसाठी रांगेत उभी राहतात. ही तिसरी गाडी थोड्याच वेळात आयगरच्या पोटातल्या बोगद्यात शिरते आणि युंगफ्राउयोखला, म्हणजे युरोपातल्या सर्वांत उंच रेल्वे स्टेशनात, ३४५४ मीटरवर नेऊन सोडते. रांगेत कोरियन, अरबी, गुजराती ऐकू येते आणि मराठीही हमखास ऐकू येते. एकाचं लक्ष घड्याळाकडे, दुसऱ्याचं तिकिटाकडे, तिसरा मुलांच्या कानटोप्या शोधत असतो. डोक्यावर उभ्या असलेल्या आयगरच्या उत्तर कड्याकडे मान वर करून बघायला फारशी कुणाला सवड नसते.

त्याच वेळी, स्टेशनापासून थोड्या अंतरावर, मेन्लिखेनकडून येणाऱ्या पायवाटेवरून काही माणसं सावकाश चालत येत असतात. ही वाट सुमारे साडेचार किलोमीटरची आणि दीड तासाची. चढ जवळपास नाहीच, हलका उतार आहे. एका हाताला गवताळ उतार, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, दुसरीकडे खोल दरी. आणि समोर, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत, आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरं एका ओळीत. या वाटेवर लहान मुलं असतात, काठी टेकत चालणारे आजी-आजोबा असतात. ज्या डोंगरांच्या नावावर रांगेतल्या माणसांनी तिकिटं काढलेली असतात, ते डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बघायला मिळतात ते या चालणाऱ्यांना.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘उंची’ हा विषय दिला, तेव्हा युरोपच्या सहलीत डोंगर कसे निवडले जातात हा प्रश्न समोर आला. बहुतेक घरांत ही निवड एका आकड्यावर होते. सर्वांत उंच कोणतं, ते घ्या. माझं म्हणणं असं, की हा निकषच चुकीचा आहे. प्रवाशाने शिखर निवडावं ते तिथून समोर काय उभं आहे हे बघून, आपल्याला सुट्टी कोणत्या महिन्यात आहे हे बघून आणि आपले पाय कुठवर नेतील हे बघून. या तीन कसोट्या लावल्या, तर बहुतेकांच्या वाट्याचं उत्तम शिखर चार हजार मीटरच्या आसपास नसतं. ते हजार ते तीन हजार मीटरच्या दरम्यान असतं आणि त्याचं नाव बऱ्याचदा जाहिरातीत नसतं.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

आधी उंचीच्या आकड्याचाच हिशेब करू. युंगफ्राउयोख हे शिखर नव्हे. म्योंख आणि युंगफ्राउ या चार हजारी शिखरांमधली ती खिंड आहे. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीने १८९३ मध्ये या रेल्वेची कल्पना मांडली, १८९६ ला काम सुरू झालं, १८९९ ला तो वारला आणि १ ऑगस्ट १९१२ ला गाडी खिंडीपर्यंत पोहोचली. सुमारे सात किलोमीटरचा बोगदा, तोही शंभर वर्षांपूर्वीचा; स्थापत्य म्हणून त्याला तोड नाही. पण गाडीतून प्रवाशाला दिसतो तो मुख्यतः बोगदा. वर पोहोचल्यावर दक्षिणेला आलेच हिमनदी पसरलेली दिसते. आल्प्समधली ही सर्वांत मोठी हिमनदी. तिचं दर्शन खरंच मोलाचं आहे. मात्र आयगरचा जगप्रसिद्ध उत्तर कडा, ज्यावर १९३८ मध्ये पहिली यशस्वी चढाई झाली, तो इथून दिसत नाही. आणि युंगफ्राउचा जो भव्य आकार खालच्या इंटरलाकेन गावाच्या बागेतून दिसतो, तो इथे जवळच्या एका हिमउतारात हरवून जातो. ज्यावर आपण उभे असतो, ते आपल्याला दिसत नाही. डोंगरांच्या बाबतीत हा नियम कायम लागू पडतो.

हिमनदीच बघायची असेल, तर तिच्या दक्षिण टोकाकडे, व्हाले प्रांतात, फीश गावावरून केबल कारने एगिसहॉर्नला जाता येतं. हे शिखर २९२७ मीटरचं, म्हणजे युंगफ्राउयोखपेक्षा पाचशेहून अधिक मीटर बुटकं. पण तिथून आलेचचं पूर्ण वळण दिसतं: वरच्या हिमक्षेत्रातून निघून, डोंगरांना वळसा घालत, काळ्या दगडमातीच्या समांतर रेघा अंगावर घेऊन ती कशी खाली उतरते, ते एका नजरेत कळतं. कमी उंचीवरून जास्त दिसतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल.

आकडा शरीराबद्दलही काही सांगत नाही. इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. तिथून दोन-अडीच तासांत माणूस ३४५४ मीटरवर जातो, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर आलेला असतो. मुंबई-पुण्याहून आलेल्या, आदल्या रात्री नीट झोप न झालेल्या माणसाला तिथे डोकं दुखणं, चक्कर येणं, दोन जिने चढताच धाप लागणं यात काही नवल नाही. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढ्या झटपट वर जाऊ नये. फ्रान्समधल्या शामोनीची एग्वी द्यु मिदीची केबल कार तर १०३५ मीटरवरून ३७७७ मीटरवर साधारण वीस मिनिटांत पोहोचवते. ती १९५५ पासून चालू आहे आणि दृश्य अलौकिकच आहे, पण शरीराला सवय व्हायला वीस मिनिटं पुरत नाहीत.

शिवाय आकडा स्थिरही नसतो. माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सर्वोच्च शिखर. त्याचा माथा बर्फाच्या जाड टोपीचा असल्याने दर दोन वर्षांनी त्याची मोजणी होते. २०२१ मध्ये तो ४८०७.८१ मीटर भरला, २०२३ मध्ये ४८०५.५९. दोन वर्षांत दोन मीटर कमी. वारा आणि हिमवृष्टी ज्या आकड्याला असं हलवतात, त्यावर आयुष्यातली एक महागडी सहल बेतण्यात फारसं शहाणपण नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे सगळं परकं वाटू नये. कळसूबाई १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. एकदा तरी तिथे जावंच. पण पुन्हा पुन्हा कुठे जावंसं वाटतं असं ट्रेकरला विचारलं, तर त्याच्या तोंडी हरिश्चंद्रगडचा कोकणकडा येतो, रतनगडाचं नेढं येतं, राजगडाची माची येते. आपल्या डोंगरात आपण उंचीवरून गड निवडत नाही. वाट कशी आहे, कड्यावरून काय दिसतं, पाणी कुठे मिळतं, रात्री कुठे टेकता येतं, यावरून निवडतो. विमानात बसलं की ही समज घरी ठेवून जायचं काही कारण नाही.

समोर उभं राहण्याची कला

आल्प्समध्ये दृश्याचं गणित साधं आहे. मोठ्या शिखरांची रांग, तिच्यासमोर दरी आणि दरीच्या अलीकडे मध्यम उंचीची दुसरी रांग. प्रवाशाची जागा या दुसऱ्या रांगेवर. तिथे उभं राहिलं की समोरच्या भिंतीचा पायथा, जंगल, कुरण, कडा, हिमनदी आणि माथा हे सगळे थर एकाच वेळी दिसतात.

फाउलहॉर्न हे या गणिताचं उत्तम उत्तर आहे. उंची २६८१ मीटर. माथ्याच्या खालोखाल एक जुनं डोंगरी हॉटेल आहे; एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ते चालू आहे आणि आल्प्समधल्या सर्वांत जुन्या डोंगरी निवाऱ्यांत त्याची गणना होते. इथे पोहोचायच्या दोन वाटा. सोपी वाट ग्रिंडेलवाल्डवरून केबल कारने फर्स्टला, तिथून बाखआल्पझे या तळ्याच्या काठाने, वर चढत, अडीच तासांची. लांबची वाट शीनिगे प्लाटेहून. तिथवर १८९३ पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी नेते; पुढे डोंगराच्या धारेवरून फाउलहॉर्न ओलांडून फर्स्टपर्यंत सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर, सहा तास. डावीकडे खाली ब्रिएन्झचं हिरवंनिळं तळं, उजवीकडे बर्नी आल्प्सची पूर्ण रांग. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला ही वाट जमते. अवघड खडक नाही, दोर लागत नाही. लागते ती दिवसभर चालायची तयारी.

झेरमाटलाही हेच. मॅटरहॉर्न ४४७८ मीटरचं. १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिंपरच्या सातजणांच्या तुकडीने ते प्रथम सर केलं आणि उतरताना त्यांतले चौघे कोसळून गेले. सामान्य प्रवाशासाठी ते चढायचं शिखर नाहीच. पण १८९८ पासून चालणारी गोर्नरग्राटची रेल्वे ३०८९ मीटरवर नेते आणि तिथून मॅटरहॉर्नसह दोन डझनांहून अधिक चार हजारी शिखरं दिसतात. परतताना रोटेनबोडेनला उतरून रिफेलझे या लहान तळ्यापाशी गेलं, तर वारा पडलेल्या सकाळी मॅटरहॉर्नचं अख्खं प्रतिबिंब पाण्यात असतं. तिथून रिफेलबर्गपर्यंत सुमारे तासाभराचा उतार चालून पुन्हा गाडी पकडता येते. शामोनीत माँ ब्लाँ बघायचं, तर दरीच्या पलीकडच्या ल ब्रेवाँला जावं. हे शिखर २५२५ मीटरचं, आणि तिथून माँ ब्लाँची पूर्ण बाजू समोर येते.

इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये तर शिखर चढूच नये, त्याला प्रदक्षिणा घालावी. त्रे चिमे दि लाव्हारेदो हे डोलोमाइट खडकाचे तीन उभे सुळके. त्यांतला सर्वांत उंच २९९९ मीटरचा. त्यांच्याभोवतीची वाट आउरोन्झो या डोंगरी निवाऱ्यापासून सुरू होते, सुमारे दहा किलोमीटरची, रेंगाळत चार तासांची. दक्षिणेकडून ते सुळके मोडक्या बुरुजांसारखे दिसतात. खिंड ओलांडून उत्तरेला गेलं की अंगावर येणारी सरळ भिंत दिसते. एकाच डोंगराची दोन रूपं पायी चालल्याशिवाय कळत नाहीत.

इथे कसलेल्या ट्रेकरचा आक्षेप येतो: रेल्वेने चढायचं आणि समोरून बघायचं, यात डोंगर कुठे आला? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. आल्प्समधली गाडी किंवा केबल कार डोंगर संपवत नाही; ती घामाचे पहिले हजार मीटर वाचवून चालायची वाट सुरू करून देते. फक्त एक काळजी घ्यावी. अनेकजण गाडीने माथ्यावर जातात आणि हजारभर मीटर पायी उतरतात. सवय नसलेल्या गुडघ्यांना यासारखी शिक्षा नाही. त्यापेक्षा मधल्या स्टेशनला उतरून आडवी वाट धरावी किंवा थोडं चढावं, आणि उतरायला गाडी घ्यावी.

पंचांग आधी, नकाशा नंतर

शिखर निवडताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते महिन्याकडे. मराठी घराच्या मोठ्या सुट्ट्या दोन. एक मे ते जूनचा मध्य, दुसरी दिवाळीची. आणि आल्प्सचा पायी चालण्याचा हंगाम नेमका या दोहोंच्या मधला, साधारण जुलै ते सप्टेंबर. मे महिन्यात दोन हजार मीटरच्या वर बर्फ असतोच. सावलीच्या बाजूला तो जूनअखेरपर्यंत टिकतो. फाउलहॉर्नसारख्या वाटा जूनच्या उत्तरार्धाआधी सहसा मोकळ्या होत नाहीत. उंचावरचे निवारे जूनच्या मध्यानंतर उघडतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद होतात. हिवाळी हंगाम संपल्यावर आणि उन्हाळी हंगाम सुरू होण्याआधी अनेक केबल कार दुरुस्तीसाठी बंद असतात, नोव्हेंबरातही तेच. म्हणजे आपण जातो तेव्हा डोंगराचं अर्धं दार बंद असतं, आणि बारा महिने चालणारी मोजकी मोठी ठिकाणं तेवढी उघडी असतात. सगळे तिथेच का लोटतात, याचं एक कारण हे आहे.

मेमध्येच जाणं भाग असेल, तर उत्तर उंची कमी करण्यात आहे. लुसर्नच्या तळ्याकाठचं रिगी १७९८ मीटरचं, कळसूबाईपेक्षा दीडशे मीटरनेच उंच. २१ मे १८७१ ला फिट्सनाउहून इथे युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगरी रेल्वे सुरू झाली. स्विस ट्रॅव्हल पासवर तिचं वेगळं तिकीट लागत नाही. मेच्या मध्यानंतर रिगीच्या उताराची बरीच कुरणं मोकळी होतात. रिगी कुल्महून काल्टबाडपर्यंत तासा-दीड तासात उतरता येतं, एका बाजूला तळं आणि दूरवर हिमशिखरांची रांग ठेवून. इंटरलाकेनवरचं हार्डर कुल्म १३२२ मीटरचं. केबलने ओढली जाणारी गाडी दहा मिनिटांत वर नेते आणि दोन तळ्यांमधलं गाव, त्यामागे आयगर-म्योंख-युंगफ्राउ असा देखावा समोर येतो. आल्प्सच्या दक्षिणेला, लुगानोजवळ, वसंत लवकर येतो; तिथलं सान साल्वातोरे ९१२ मीटरचं. आणखी दक्षिणेला नेपल्सजवळचा व्हेसुव्हिअस १२८१ मीटरचा. इ.स. ७९ मध्ये पाँपेई गाडणाऱ्या, १९४४ मध्ये शेवटचा उद्रेक झालेल्या या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत मेच्या सौम्य उन्हात चालत जाता येतं. डेक्कन ट्रॅपच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला जिवंत ज्वालामुखीच्या काठावर उभं राहण्यासारखा धडा नाही.

ज्यांना शाळेच्या वेळापत्रकाचं बंधन नाही, त्यांनी गौरी-गणपती आटोपले की निघावं. सप्टेंबरात युरोपातल्या शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, जुलै-ऑगस्टची दुपारची वादळं कमी होतात, उंचावरच्या वाटा अजून मोकळ्या असतात. फक्त दिवस लहान होत जातो आणि एखाद्या रात्री ताजा बर्फ पडू शकतो, एवढं लक्षात ठेवावं.

‘पण आम्हाला बर्फच बघायचाय’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या मुलाने आयुष्यात बर्फ बघितला नाही, त्याच्यासाठी बर्फाचा पहिला गोळा हाच सहलीचा शिखरबिंदू असतो. एंगेलबर्गवरून फिरत्या केबल कारने टिटलिसला जाणारी हजारो भारतीय कुटुंबं नेमकी त्यासाठी जातात, आणि त्यात गैर काही नाही. माझं म्हणणं इतकंच, की तो दिवस बर्फाचा दिवस म्हणून मोजावा. डोंगराचा दिवस वेगळा ठेवावा. एका सहलीत बर्फासाठी दोन-तीन ठिकाणं करणं म्हणजे तोच पैसा त्याच अनुभवावर पुन्हा घालणं.

पिवळ्या पाट्या वाचायला शिकावं

स्वित्झर्लंडमध्ये चालायच्या खुणा केलेल्या वाटा सुमारे ६५ हजार किलोमीटरच्या आहेत, आणि त्यांची खूण सगळ्या देशात एकच. तिठ्यावर एक खांब असतो. खांबावर एक पांढरी पाटी: त्या जागेचं नाव आणि उंची. तिच्या वर-खाली पिवळ्या पाट्या, काळ्या अक्षरांत गावांची नावं, आणि नावापुढे अंतर नव्हे तर वेळ. समजा २ तास १० मिनिटं. डोंगरात किलोमीटर फसवतो. तीन किलोमीटर म्हणजे सपाटीवर पाऊण तास आणि घळीतून चढताना दोन तासही असू शकतात. म्हणून पाटीवर वेळ. पण ही वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. फोटो, पाणी, मुलांची भूक, बुटाची सुटलेली नाडी यांतलं काही तिच्यात धरलेलं नसतं. आपल्या कुटुंबाने पाटीवरची वेळ दीडपट करून दिवस आखावा.

त्याहून महत्त्वाचं, पाटीचं टोक. नुसतं पिवळं असेल तर साधी वाट, बूट बरे असले की पुरे. टोकाला पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असेल तर डोंगरी वाट: चढ तीव्र, काही ठिकाणी अरुंद, एका बाजूला खोल उतार, पाय ठाम टाकता यायला हवा आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की सामान्य प्रवाशाने मागे फिरावं; तिथे हिमनदी, सुटे दगड किंवा हात वापरून चढायचा खडक असतो. घरी बसून वाट निवडताना नकाशावर हे रंग बघितले, की अर्धे धोके तिथेच टळतात. सह्याद्रीच्या ट्रेकरची एक अडचण इथे नमूद करायला हवी. त्याला कातळ, घसारा, ऊन, पाऊस यांची सवय असते, आणि ती खरी जमेची बाजू आहे. पण जूनमध्ये वाटेवर आडवा पडलेला कडक बर्फाचा पट्टा त्याने बघितलेला नसतो. वीस पावलांचा तो पट्टा, खाली उतार असेल तर, अख्ख्या वाटेपेक्षा धोकादायक ठरतो. तिथे परत फिरणं हेच कौशल्य.

आणखी एक वेळ पाटीवर नसते: शेवटच्या केबल कारची. बहुतेक ठिकाणी ती संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सुटते. ती चुकली, तर पुढे हजार मीटरचा उतार अंधारात. परतीच्या गाडीपासून उलट मोजत सकाळची वेळ ठरवावी. निवाऱ्यात मुक्काम करायचा असेल, तर आधी आरक्षण हवंच. एका दालनात ओळीने गाद्या, बूट दाराशीच काढायचे, स्वतःची पातळ झोपायची पिशवी आणायची, रात्री दहाला दिवे बंद. शाकाहारी जेवण आधी सांगितलं तर मिळतं. मात्र बार्लीच्या सुपात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून विचारून घेतलेलं बरं.

दुपारचं आभाळ

पोलंडमधल्या झाकोपाने गावावर गिएवोंत नावाचा डोंगर आहे, १८९४ मीटरचा. माथ्यावर १९०१ मध्ये उभारलेला पंधरा मीटरचा लोखंडी क्रूस, आणि शेवटच्या टप्प्यात हाताने धरायला लोखंडी साखळ्या. २२ ऑगस्ट २०१९ च्या दुपारी तिथे वीज कोसळली. डोंगरावरच्या माणसांपैकी चौघे गेले, त्यांत दोन मुलं होती. शंभराहून अधिक जखमी झाले. दोन हजार मीटरही उंच नसलेला, वर्षानुवर्षं कुटुंबं ज्यावर चढत आली असा हा डोंगर. मध्यम उंची म्हणजे निर्धोक, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कुणी काढू नये म्हणून हे उदाहरण. धोका आकड्यात नसतो, वेळेत असतो. उन्हाळ्यात सकाळी निरभ्र असलेलं आभाळ दुपारी एक-दोनच्या पुढे दाटून येतं. म्हणून युरोपातल्या डोंगराळ गावांत माणसं पहाटे निघतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत माथ्यावरून खाली असतात.

याचाच दुसरा अर्थ असा, की शिखराची तारीख महिनाभर आधी ठरवू नये. जवळपास प्रत्येक केबल कारच्या वरच्या टोकाला कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र फोनवर दिसतं. सकाळी उठून ते बघावं, मग तिकीट काढावं. इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखचं उन्हाळ्यातलं पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. एवढे पैसे देऊन पांढऱ्या धुक्याची भिंत बघून परतलेली कुटुंबं कमी नाहीत.

इथे ग्रुप टूरने जाणारे म्हणतील, की आमच्या हातात तारीखही नसते आणि शिखरही. खरं आहे. ग्रुप टूरचे फायदेही आहेत: जेवणाची सोय असते, भाषेची चिंता नसते, वयस्कर माणसांना सोबत मिळते. ग्रुप टूरमुळेच महाराष्ट्रातल्या लहान गावांतले हजारो लोक आल्प्स बघू शकले, आणि हे काम लहान नाही. पण तिथेही निवड असते. पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका वाचून विचारावं: डोंगरावर किती तास आहेत? हवा खराब असेल तर दिवस बदलता येतो का? मोकळ्या दुपारी जवळच्या लहान डोंगरावर स्वतःहून जाता येईल का? ग्राहकांनी हे प्रश्न विचारले, तर सहलींचे आराखडे बदलतील. आणि प्रवासी विमा घेताना बचावकार्याचा खर्च त्यात बसतो का ते बघावं. युरोपात मदतीसाठी ११२ लावायचा. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगाचा क्रमांक १४१४. मदत तत्पर असते, पण फुकट नसते.

बर्फ मागे सरतो आहे

उंचीच्या मागे लागण्याविरुद्धचं सर्वांत गंभीर कारण अलीकडच्या वर्षांनी दिलं आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फाचा दहावा हिस्सा गमावला. ३ जुलै २०२२ ला डोलोमाइट्समधल्या मार्मोलादाच्या हिमनदीचा तुकडा सुटला आणि अकरा गिर्यारोहक गेले. २८ मे २०२५ ला व्हाले प्रांतात बिर्च हिमनदी कोसळून ब्लाटेन हे गाव दगड-बर्फाखाली गाडलं गेलं. गाव आधीच रिकामं केल्याने सुमारे तीनशे माणसं वाचली. जर्मनीच्या त्सुगश्पिट्झवरच्या दक्षिण श्नीफर्नरला तर २०२२ पासून हिमनदी मानणंच शास्त्रज्ञांनी सोडलं. उंच खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षं गोठलेलं पाणी डिंकासारखं दगड धरून ठेवत होतं. ते वितळू लागलं, की दगड सुटतात. माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवरची दगड पडणारी घळ उन्हाळ्यातल्या उष्ण दिवसांत म्हणूनच भीतिदायक झाली आहे.

यावर एक प्रामाणिक प्रतिवाद आहे: हिमनद्या जाणारच असतील, तर त्या जाण्याआधी जवळून बघून घेऊ नये का? बघावं. पण जवळून बघितल्याने हिमनदी कळते असं नाही. आलेच एगिसहॉर्नवरून बघितली, तर तिच्या दोन्ही काठांवर फिकट, झाडं न उगवलेला उघडा दगडी पट्टा दिसतो. बर्फ पूर्वी कुठवर होता, त्याची ती रेघ. समोरच्या डोंगरावरून ती मोजता येते. हिमनदीवर उभं राहून ती दिसत नाही. जे नाहीसं होतं आहे ते समजून घ्यायलाही अंतर लागतं.

डोंगर ज्यांचे आहेत

शिखर निवडताना आणखी एक गोष्ट बघावी: त्या डोंगराचा तिथल्या माणसांशी काय संबंध आहे. स्लोव्हेनियाचं त्रिग्लाव २८६४ मीटरचं. त्याची आकृती देशाच्या ध्वजावर आहे, आणि आयुष्यात एकदा तरी ते चढावं असं तिथे मानलं जातं. १८९५ मध्ये याकोब आल्याझ या धर्मगुरूने माथ्यावरची जागा विकत घेऊन तिथे पत्र्याचा छोटा मनोरा उभारला, तो आजही आहे. वरच्या टप्प्यात लोखंडी दोर आणि खुंट्या आहेत. हेल्मेट, पट्टे आणि बहुतेकांना वाटाड्या लागतो. पण ते चढलं नाही, तरी बोहिन तळ्याकाठून केबल कारने व्होगेलला जाऊन समोरून ते बघता येतं, आणि एका छोट्या देशाने एका डोंगरात आपलं रूप का पाहिलं, हे रायगडाकडे बघत मोठ्या झालेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उलट बाजूही आहे. डोलोमाइट्समधल्या सेचेदाच्या तिरक्या कड्याचं एक छायाचित्र जगभर फिरलं आणि तिथे माणसांचा लोंढा सुरू झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या जमीनमालकांनी तुडवल्या जाणाऱ्या कुरणांकडे लक्ष वेधायला वाटेवर फिरतं फाटक बसवून पाच युरो घेतले. ही कुरणं म्हणजे शेतकऱ्याचा हिवाळ्याचा चारा. गवतावरून वाट काढणं म्हणजे उभ्या पिकातून चालणं. सगळे एका आकड्यामागे किंवा एका फोटोमागे गेले, की ओझं एकाच डोंगरावर पडतं. प्रत्येकाने आपल्या पायांना आणि महिन्याला साजेसा डोंगर निवडला, तर ते आपोआप वाटलं जातं.

निवड अशी करावी

म्हणून निवडीचा क्रम उलटा करावा. आधी महिना: मे असेल तर दोन हजार मीटरच्या खाली, जुलै ते सप्टेंबर असेल तर तीन हजारांपर्यंत. मग पाय: घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पाटीवरच्या वेळेच्या दीडपट. मग समोर काय आहे: ज्या शिखराचं नाव ऐकून निघालो, त्याच्या दरीपलीकडचा डोंगर शोधायचा. मग एकाच दरीत किमान तीन रात्री, म्हणजे ढगाळ दिवसामागे स्वच्छ दिवस मिळायला जागा राहते. उंचीचा आकडा सर्वांत शेवटी बघावा, आणि तोही कपडे किती घ्यायचे हे ठरवण्यापुरता.

हिमालय आपल्या घरात असताना आल्प्सला का जावं, असंही कुणी विचारेल. हिमालयाची सर कशालाच नाही. पण तिथे मोठ्या शिखरासमोर उभं राहायला बहुधा अनेक दिवसांची चाल आणि विरळ हवेची सवय लागते. आल्प्सने दीडशे वर्षांत एक वेगळी गोष्ट उभी केली: रूळ, पाट्या, निवारे आणि वेळापत्रक यांच्या जोरावर सत्तरीतली आजी आणि सात वर्षांचा नातू एकाच सकाळी, सुरक्षितपणे, एका महान डोंगरासमोर तासभर चालू शकतात आणि संध्याकाळी गावात परत येतात. आल्प्सची खरी देणगी ही आहे. सर्वांत उंच स्टेशनाचं तिकीट काढून आपण तिचा लहानसा भाग विकत घेतो. समोरच्या डोंगरावरची वाट धरली, तर ती पूर्ण मिळते, तीही कमी खर्चात.